पेडलाच्या पोटात

कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात एक मातीचा उतार आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तिथे जमले आणि घड्याळ लावून एकेकजण खाली सुटला. साडेतीन किलोमीटरच्या आत चारशे मीटरची उतरण. सायकलींना ब्रेक एकच, मागच्या हबमध्ये बसवलेला, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जाई, आणि पुढच्या खेपेआधी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागे. या कामावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही माउंटन बाइकच्या इतिहासातली ठळक नावं याच उतारावरची.

या खेळाच्या सुरुवातीलाच हे मान्य केलेलं होतं: डोंगरात यंत्राची झीज होणार, ते खोलायचं, पुसायचं, ग्रीस भरायचं आणि पुन्हा निघायचं. आज पुण्या-मुंबईच्या चांगल्या दुकानात पंधरा-वीस हजारांची पेडलांची जोडी हातात घेतली की खोक्यावर काय लिहिलेलं असतं? ग्रॅम. जाडी किती मिलिमीटर, रंग कोणते, पिना किती. पण ही वस्तू किती तासांनी खोलायची, आतल्या बेअरिंगचा आकार काय, सुटा भाग वेगळा मिळतो का, यातलं काही खोक्यावर सापडत नाही. महाग पेडल जास्त टिकतं, हा समज त्या न लिहिलेल्या जागेत वाढतो. मला तो समज चुकीचा वाटतो, आणि चूक नुसती पैशांची नाही. उतारावर तुटलेलं पेडल माणसाचं गुडघ्या-खांद्याचं, कधी त्याहून मोठं नुकसान करतं.

पेडल म्हणजे मुळात काय, तर एका टोकाला घट्ट धरलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असलेला लहानसा दांडा. क्रँकमध्ये आट्यांनी पिळून बसवलेला हा दांडा, म्हणजे स्पिंडल, बाहेर झेपावतो. त्याच्यावर बेअरिंग, बेअरिंगवर पेडलाचं अंग, आणि अंगावर आपला पाय. पाय क्रँकपासून अंदाजे सहा सेंटिमीटर लांब असतो. नव्वद किलोंचा भार तिथे टाकला की क्रँकच्या तोंडाशी सुमारे ५३ न्यूटन-मीटरचा वाक येतो. उडी मारून खाली आल्यावर हाच आकडा काही क्षण कैक पट होतो. सायकलच्या दुसऱ्या कुठल्याही इतक्या बारीक धातूवर माणूस आपलं सगळं वजन असं एका बाजूने टांगत नसेल.

हा दांडा तुटतो कसा, हे समजून घ्यायला सायकलीच्या आधीच्या काळात जावं लागतं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस म्यूदाँजवळ तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. अंटार्क्टिकाच्या मोहिमेहून परतलेला प्रसिद्ध दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल त्यांच्यातच होता. इतका जाड लोखंडी आस, नेहमीच्या भाराखाली, अचानक कसा तुटला? स्कॉटलंडचा तरुण अभियंता विल्यम रँकिन याने मोडलेले आस तपासले आणि १८४३ मध्ये मांडलं की तडा एका दिवसात पडत नाही. आस जिथे जाडाचा एकदम बारीक होतो त्या कोपऱ्यात तो सुरू होतो आणि रोज थोडा थोडा आत सरकतो. म्हणून तो कोपरा काटकोनात न ठेवता गोलाईने उतरवावा, असं त्याने सुचवलं. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर या रेल्वे अधिकाऱ्याने १८५० आणि ६० च्या दशकांत फिरत्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. धातूला एकदा मोडायला लागणाऱ्या भारापेक्षा कितीतरी कमी भार पुरेशा वेळा दिला तरी धातू मोडतो, हे त्याने आकड्यांत दाखवलं. पोलादाच्या बाबतीत एका मर्यादेखाली मात्र कितीही फेऱ्या झाल्या तरी ते टिकतं, हेही त्याच प्रयोगांतून आलं.

पेडलाचा स्पिंडल हा त्या रेल्वेच्या आसाचा धाकटा भाऊ आहे. फरक इतकाच की त्याला आधार एकाच बाजूला असतो. तुटलेला स्पिंडल भिंगाखाली धरा. तोंडाचा बराच भाग गुळगुळीत, त्यावर ओहोटीला वाळूत राहतात तशा वळणदार रेषा, आणि उरलेला भाग खरबरीत. गुळगुळीत भाग म्हणजे महिनोन्‌महिने सरकलेला तडा. खरबरीत भाग म्हणजे शेवटचा क्षण. चालकाला फक्त शेवटचा क्षण आठवतो आणि तो म्हणतो, “साध्या दगडावरून गेलो आणि तुटलं.” दगडाचा त्यात फारसा दोष नसतो. तडा बहुधा ठरलेल्या तीन जागांपैकी एकीत सुरू झालेला असतो: आट्यांच्या शेवटच्या खाचेत, बेअरिंग टेकण्यासाठी काढलेल्या पायरीच्या कोपऱ्यात, किंवा पाना लावण्यासाठी सपाट केलेल्या जागेजवळ.

आता वजनाचा मुद्दा. गोल दांडा वाकवला की त्यातला ताण व्यासाच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो. बारा मिलिमीटरचा स्पिंडल अकरा केला तर डोळ्याला फरक कळणार नाही, पण ताण तीस टक्क्यांनी चढतो. पेडल पातळ हवं, कारण पातळ पेडल दगडाला कमी अडकतं आणि पाय आसाच्या जवळ राहतो. ही मागणी रास्त आहे. पण पेडलाचं अंग वीस मिलिमीटरवरून बारावर आणायचं तर आतल्या स्पिंडलला आणि बेअरिंगला जागा सोडावी लागते. ग्रॅम आणि मिलिमीटर वाचवल्याचं कौतुक खोक्यावर होतं, आणि त्याची किंमत आतल्या त्या दोन भागांना मोजावी लागते.

दुसरा मार्ग टायटॅनियमचा. ते पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं, गंजत नाही, आणि ताकदीत चांगल्या पोलादाच्या जवळ जातं. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्याच व्यासात ते जास्त लवतं, आणि खाच, ओरखडा, तीक्ष्ण कोपरा याबद्दल फार हळवं असतं. म्हणूनच टायटॅनियम आसाच्या पेडलांवर चालकाच्या वजनाची मर्यादा घातलेली आढळते. स्पीडप्ले या अमेरिकी कंपनीने आपल्या टायटॅनियम पेडलांना १८५ पौंडांची, म्हणजे ८४ किलोंची मर्यादा ठेवली होती. क्रँकब्रदर्सच्या ‘एगबीटर ११’ची जोडी १८० ग्रॅमच्या आत बसते, तीही टायटॅनियमच्याच जोरावर. पाठीवर पाण्याची पिशवी, अवजारं आणि जेवण घेऊन निघालेला ऐंशी किलोंचा माणूस अशा मर्यादेच्या किती जवळ पोचतो, हे त्याने स्वतः मोजलं पाहिजे. दुसऱ्या टोकाला शिमानोकडे पाहा. त्यांच्या सर्वांत महाग माउंटन पेडलात, एक्सटीआरमध्ये, स्पिंडल क्रोमोली पोलादाचाच आहे, आणि सर्वांत स्वस्तांपैकी असलेल्या एम५२० मध्येही क्रोमोलीचाच. एम५२० ची जोडी ३८० ग्रॅम, एक्सटीआरची ३१० ग्रॅम. सत्तर ग्रॅमच्या फरकासाठी किंमत जवळपास तिप्पट. त्या तिपटीत घडण अधिक काटेकोर मिळते, चिखल बाहेर पडायला मोकळी जागा मिळते, सफाई मिळते. पण तिप्पट आयुष्य मिळतं असं समजायला काही आधार नाही. एम५२० वर वर्षानुवर्षं फिरणारे लोक जगभर आहेत.

क्रोमोलीचा आणखी एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. ते तुटण्याआधी वाकतं. खडकावर पेडल आदळलं आणि घरी येऊन क्रँक फिरवताना पेडलाचं टोक लहानसा गोल काढताना दिसलं, की समजावं स्पिंडल वाकला. वाकलेला स्पिंडल सरळ करून वापरू नये. पण निदान त्याने निरोप तरी दिलेला असतो.

कारखान्यात या सगळ्याची परीक्षा होते की नाही? होते. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा आठवा भाग पेडल आणि चालनाचा. त्यात पेडलावर एक मिनिट दीड हजार न्यूटनांचा स्थिर भार देतात, पंधरा किलोंचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून सोडून आघात करतात, आणि माउंटन बाइकसाठी प्रत्येक पेडलाला स्प्रिंगने नव्वद किलो टांगून एक लाख फेरे फिरवतात. एक लाख हा आकडा मोठा वाटतो. मिनिटाला ऐंशी फेरे मारणारा चालक तासात ४,८०० फेरे करतो, म्हणजे एकवीस तासांत लाख पूर्ण. एका पावसाळ्यातले शनिवार-रविवारही त्याहून जास्त भरतात. अर्थात चाचणीतला भार सतत आणि पूर्ण असतो. खोगिरावर बसून चालवताना पेडलावर त्याचा लहानसा हिस्साच येतो, त्यामुळे एकवीस तासांनी पेडल मोडेल असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ही चाचणी नव्या, स्वच्छ, ग्रीस भरलेल्या पेडलाची आहे. गंज, ओरखडे, ढिलं झालेलं बेअरिंग, आणि उताराला उभं राहून घेतलेले हजारो धक्के तिच्यात नाहीत. चांगल्या कंपन्या स्वतःच्या प्रयोगशाळेत यापेक्षा कडक परीक्षा घेतात, पण त्यांचे आकडे गिऱ्हाइकाला दाखवण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

उतारावर उभं राहण्यात एक बारकावा आहे. उतरताना क्रँक आडवे ठेवून आपण एक पाय कायम पुढे ठेवतो, बहुतेकांचा पाय ठरलेला असतो. पुढच्या पायाखालच्या स्पिंडलला पेडल मारताना ज्या बाजूने ताण येतो त्याच बाजूने उतरतानाही येतो. मागच्या पायाखालच्या स्पिंडलची गोष्ट वेगळी: त्याला चढावर एका बाजूने आणि उतारावर नेमक्या उलट्या बाजूने वाक मिळतो. आलटून-पालटून उलट-सुलट येणारा ताण धातूला अधिक थकवतो, हे व्होलरपासून माहीत आहे. म्हणून दोन्ही पेडल सारखीच झिजली असतील असं गृहीत धरू नये, आणि तपासताना मागच्या पायाचं पेडल आधी हातात घ्यावं.

स्पिंडल तुटणं क्वचित घडतं. रोज घडतं ते बेअरिंगचं मरण. पुण्यात एका बोळातल्या दुकानात पावसाळ्यानंतर पेडल खोलण्याचं काम मी बराच वेळ पाहत बसलो होतो. महागडं, तळहाताएवढं रुंद, अॅल्युमिनियमचं पेडल. मालकाला ते ठणठणीत वाटत होतं. मेकॅनिक काकांनी अंग दोन बोटांत धरून वर-खाली हलवलं. “हे बघा दादा, प्ले किती आलाय. फिरतंय छान, म्हणून कळत नाही. फारच मोकळं फिरतंय तेच वाईट. आत ग्रीसच उरलं नाही.” टोकाची टोपी काढल्यावर आतून लालसर पाणी आलं.

आत साधारण तीन घराणी असतात. पहिलं जुनं, कप आणि कोनचं: मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडेच मोठे सुटे छरे, आणि कोन किती आवळायचा ते आपल्या हातात. शिमानोने हेच धरून ठेवलं आहे. झीज झाली की कोन थोडा आवळायचा, छरे बदलायचे, ग्रीस भरायचं, पेडल पुन्हा उभं राहतं. दुसरं बंद, सीलबंद बेअरिंगचं: आवळायची भानगड नाही, गेलं की काढून नवं ठोकायचं. तिसरं बुशचं: छऱ्यांऐवजी प्लास्टिकची किंवा विशेष लेपाची बारीक नळी, जिच्यात स्पिंडल घासत फिरतो. पातळ पेडलांत क्रँकच्या बाजूला बुश आणि टोकाला लहान बंद बेअरिंग अशी जोडी फार दिसते, कारण बुशला जागा कमी लागते. बुश भार छान पेलतं, पण त्यात वाळूचे कण शिरले की ते स्पिंडललाच घासून बारीक करतं.

बेअरिंगच्या आयुष्याचं गणित निर्दय आहे. छऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात जातं: भार दुप्पट, तर आयुष्य आठवा हिस्सा. पातळ पेडलासाठी छोटं बेअरिंग निवडलं म्हणजे त्याची क्षमता घटली, आणि भार तोच राहिला तर आयुष्य कितीतरी पटीने आखडलं. हेही गणित स्वच्छ, तेलात भिजलेल्या बेअरिंगचं. पेडलातलं बेअरिंग सायकलवरच्या जवळजवळ इतर सगळ्या बेअरिंगांपेक्षा खाली, ओढ्याच्या पाण्यात, डबक्याच्या चिखलात बुडतं.

आपल्याकडचा पाऊस इथे थेट संबंधात येतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सायकल चालवणाऱ्याला काळ्या दगडाचा बारीक गाळ मिळतो, कोकणात उतरलं तर जांभ्याची तांबडी माती. दोन्ही सीलच्या ओठात बसतात आणि प्रत्येक फेऱ्याला सील कापत राहतात. मग घरी येताना गाडी धुण्याच्या केंद्रावर जोरदार फवाऱ्याने सायकल धुतली जाते. तो फवारा चिखल काढतो, आणि पाणी सीलच्या आत ढकलतो. फवारा नकोच. बादली, फडकं, जुना ब्रश, आणि पेडलाच्या कडेला बोट ठेवून थोडं फिरवून पाहणं पुरे. पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी एकदा पेडल खोलणं हे काही जास्तीचे लाड करणं नव्हे, पेट्रोलच्या गाडीचं तेल बदलण्याइतकं ते साधं काम आहे.

इंग्लंडचा पाऊसही काही कमी नाही, आणि तिथल्या कंपन्यांच्या पेडलांवर त्याची छाप दिसते. डीएमआरच्या व्ही८ या जुन्या, साध्या पेडलाला ग्रीस भरण्यासाठी अंगातच छिद्र ठेवलेलं आहे: पिचकारी लावायची, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत दाबायची. लँकेशरमधल्या बार्नोल्ड्सविकची होप कंपनी आपली पेडलं खोलता येतील अशी घडवते आणि सुटे भाग विकते. या दोन्हींचं मला मनापासून कौतुक आहे. गिऱ्हाइकाला पाना हातात घेऊ देणारा कारखाना त्याचा मान राखतो.

बेअरिंग पूर्ण गेल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, टोकाची चाकी सैल होऊन किंवा बाहेरचं बेअरिंग फुटून पेडलाचं अंग स्पिंडलवरून सरकून निघतं. बुटाला अडकणाऱ्या पेडलात तर ते अंग बुटासकट हवेत राहतं आणि क्रँकवर उघडा दांडा उरतो. दुसरी, बेअरिंग जाम होतं. इथे पेडलाच्या आट्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. डाव्या पेडलाला उलटे आटे असतात. पायाचा भार स्पिंडलभोवती फिरत राहतो, त्यामुळे क्रँकच्या भोकात स्पिंडल अगदी सूक्ष्म प्रमाणात उलट्या दिशेने लोळतो. आटे असे ठेवले आहेत की हे लोळणं पेडल आवळत राहील. पण बेअरिंग जाम झालं की ओढ त्याच्या विरुद्ध, सोडवण्याच्या दिशेने लागते. म्हणजे अडकलेलं पेडल क्रँकमधून आपोआप सुटायला लागतं, आणि घोट्याला पीळ बसण्याऐवजी पेडल निखळतं. पेडल पुन्हापुन्हा ढिलं होत असेल तर आधी बेअरिंग तपासा. शिमानो आपली पेडलं ३५ ते ५५ न्यूटन-मीटर आवळायला सांगतं. आट्यांना ग्रीस लावून एवढी आवळणी दिली की क्रँकचे अॅल्युमिनियमचे आटे जायची भीती बरीच कमी होते. ढिल्या पेडलावर घरी परतायचा हट्ट केला तर स्पिंडलचे पोलादी आटे क्रँकचे मऊ आटे खाऊन टाकतात, आणि मग पेडलाच्या किमतीत क्रँकची भर पडते.

क्रँकचा विषय निघालाच आहे, तर २०२३ च्या सप्टेंबरात शिमानोने रस्त्यावरच्या सायकलींचे आपले काही हॉलोटेक २ क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. दोन भाग चिकटवून केलेले हे क्रँक चिकटीच्या जागी सुटत होते. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार नग, आणि क्रँक उकलल्याच्या साडेचार हजारांहून अधिक तक्रारी. हा माल कंपनीच्या वरच्या श्रेणींतलाच होता, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. बारीक तडा, कुरकुर, बोटाला लागणारी फट ही लक्षणं स्वस्त मालात दिसतात तशीच महागातही दिसतात, आणि पाहणाऱ्यालाच दिसतात.

सपाट पेडलांत गेल्या काही वर्षांत नायलॉनचं अंग आणि क्रोमोलीचा स्पिंडल असा स्वस्त प्रकार रुजला आहे. अॅल्युमिनियमपेक्षा किंमत कितीतरी कमी, खडकावर आदळलं तर अडकण्याऐवजी घसरतं, आणि आतली रचना बऱ्याचदा महाग भावंडासारखीच. त्याच्या पिना उपटल्या जातात, कडा खरवडतात, पण बेअरिंगचं आयुष्य वेगळं का असावं? नव्याने डोंगरात शिरणाऱ्याला मी हेच घ्यायला सांगतो. सपाट पेडल म्हणजे नवशिक्याचं पेडल, हा गैरसमज ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने केव्हाच मोडीत काढला. २००६, २००७ आणि २०१० मध्ये उताराच्या शर्यतीतलं जगज्जेतेपद, आणि २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एन्ड्युरोची जागतिक मालिका त्याने सपाट पेडलांवर जिंकली.

महाग घ्यायचंच असेल, आणि घेण्यात काही वावगं नाही, तर दुकानदाराला विचारावं: याचं बेअरिंग आणि बुश वेगळं मिळतं का, आणि भारतात मिळतं का? खोलायला कोणतं अवजार लागतं? स्पिंडल कोणत्या धातूचा, आणि वजनाची मर्यादा किती? उत्तर मिळालं नाही तर पेडल कितीही देखणं असो, एका पावसाळ्यानंतर ते फेकावं लागण्याची शक्यता मोठी.

सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा आपल्याकडे एक सोय आहे आणि तिचा मोह होतोच. भोसरी-चिंचवडच्या एखाद्या लेथवाल्याकडे जुना भाग नेला की तो तासाभरात तसाच दुसरा करून देतो. बुशच्या बाबतीत ही सोय उत्तम आहे. पितळेचं किंवा चांगल्या प्लास्टिकचं बुश नीट मापाने कातून घ्यावं, महिनोन्‌महिने चालतं. स्पिंडल मात्र कधीही लेथवर करून घेऊ नये. मिळेल त्या सळईचं पोलाद कोणतं ते कळत नाही, त्याला उष्णतेची प्रक्रिया झालेली नसते, आटे कातलेले म्हणजे तळाशी धारदार, आणि बेअरिंगच्या पायरीचा कोपरा काटकोनात. रँकिनने १८४३ मध्ये गोलाईने उतरवायला सांगितलेला तोच कोपरा. असा स्पिंडल पहिल्या दिवशी अगदी घट्ट बसतो, सपाट रस्त्यावर कित्येक आठवडे चालतोही. वाकलेला किंवा झिजलेला स्पिंडल असेल आणि कारखान्याचा नवा मिळत नसेल, तर ते पेडल भंगारात द्यावं आणि हजार-दीड हजाराचं नायलॉनचं लावून डोंगरात जावं.